रोज प्रार्थना करते, तरी भीती जात नाही

प्रश्न: पती नऊ महिन्यांपूर्वी आजारी पडले आणि त्यांची नोकरी गेली. उपचार चालू आहेत, कर्जाचे हप्ते थकलेत, दोन मुलं शाळेत आहेत. मी रोज प्रार्थना करते, आठवड्यातून दोन उपास धरते. पण रात्री दोन-अडीचला जाग येते, छाती धडधडते आणि पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ज्येष्ठ बहिणीने सांगितलं, ‘जिथे विश्वास आहे तिथे भीती राहत नाही. घरात काही पाप लपलेलं आहे का, तपासून पाहा.’ तेव्हापासून मी उपासनेला जायचं टाळते. पूर्वी बायबलमधलं वचन वाचलं की धीर यायचा, आता अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून सरकतात. धैर्य कुठून आणू? माझ्या विश्वासातच खोट आहे का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू, कारण तो मनात ठसठसत असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही. तुमच्या विश्वासात खोट नाही. नऊ महिने घर ओढून, वर रोज प्रार्थनेला बसणारी बाई अविश्वासू कशी?

त्या बहिणीने जे वचन तुमच्यावर फेकलं, ते बहुधा योहानाच्या पहिल्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातली अठरावी ओवी: पूर्ण प्रीती भीती घालवून देते. पण त्याच्या आधीची सतरावी ओवी वाचा. तिथे विषय न्यायाच्या दिवसाचा आहे. देव आपल्याला शिक्षा करील, या भीतीबद्दल योहान बोलतोय. हप्ता कसा भरायचा, नवरा बरा होईल का, ही काळजी तिथे नाहीच. म्हणजे गंमत बघा, शिक्षेची भीती काढून टाकणारं वचन घेऊन त्यांनी तुमच्या मनात शिक्षेचीच भीती भरली. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण औषध चुकीचं दिलं.

‘पाप शोधा’ याचंही तसंच. जन्मांध माणसाला पाहून येशूच्या शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं (योहान 9:3). सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. तोंड उघडून ‘तू काहीतरी केलं असशील’ म्हणायला लागले आणि शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत (ईयोब 42:7). एखादी चूक खरोखर आठवत असेल तर ती कबूल करा, क्षमा मागा आणि पुढे व्हा. पण नसलेलं पाप खणून काढत बसू नका. थकलेल्या मनाला असं खणायला लावलं की ते काही ना काही सापडवतंच, आणि जे सापडतं ते बहुतेक वेळा खोटं असतं.

भीतीबद्दल शेवटचं एक. गेथशेमाने बागेत प्रभू येशू अत्यंत व्याकूळ झाला, ‘मरणापर्यंत खिन्न झालोय’ असं मित्रांना सांगितलं, जागे राहा म्हणून विनवलं आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा बोलून प्रार्थना केली (मार्क 14:32–41). तीन वेळा. मग उठून, पकडायला आलेल्या माणसांना सामोरा गेला. भीती आधी संपली आणि मग पाऊल उचललं, असा क्रम तिथे दिसत नाही. शास्त्रात तो क्वचितच दिसतो. म्हणून ‘धैर्य आलं की करीन’ हा विचार आजपासून बाजूला ठेवा. धैर्य वाटण्याची वाट पाहिलीत तर ती वाट लांबत जाते.

आता कामाचं. सुरुवात शरीरापासून करायची आहे, आणि हे ऐकून तुम्हाला ते कमी आध्यात्मिक वाटेल. पहिलं राजे, 19वा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं? उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिलं, कारण ‘वाट तुला झेपण्यासारखी नाही’. होरेब डोंगरावरचं देवाशी संभाषण, नवं काम, बाल दैवतापुढे न झुकलेल्या सात हजारांची खबर, हे सगळं त्यानंतर.

तुम्ही झोपेविना आहात आणि आठवड्यात दोन दिवस उपाशी. उपास ताबडतोब थांबवा. निदान झोप जाग्यावर येईपर्यंत. उपाशीपोटी पहाटे छातीत धडधडलं की मेंदू त्याला संकट समजतो, मग त्या धडधडीला साजेसा विचार शोधतो, आणि तुमच्याकडे तसे विचार हाताशीच आहेत. उपास सोडल्याने देव रुसतो असं शास्त्रात कुठेही नाही. रात्रभराच्या जागरणाच्या प्रार्थनाही सध्या नकोत. तीन वेळा वेळेवर जेवा, दुपारनंतर चहा-कॉफी बंद करा, दिवसा अर्धा तास उजेडात चाला. आणि स्वतःसाठी डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. रात्रीची धडधड काळजीने होते तशी थायरॉइडने किंवा रक्त कमी झाल्यानेही होते. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

इथे एक इशारा, कारण असं होताना दिसतं. संकटात कोणीतरी सांगतं, खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद करा. पतींच्या बाबतीत हे कोणाचंही ऐकू नका. हिज्कीया राजाला देवाने आयुष्याची 15 वर्षं वाढवून देण्याचं वचन दिलं, आणि लगेच पुढच्या ओळीत संदेष्टा यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (2 राजे 20:5–7). वचनही होतं, लेपही होता.

आता प्रार्थनेकडे. तुम्ही पत्रात ‘प्रार्थना करते’ एवढंच लिहिलंत. काय म्हणता प्रार्थनेत? अंदाज असा की धन्यवादाची वाक्यं म्हणता, ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणता, आणि खरं जे आत साठलंय ते घेऊन उठता. वचन कोरडं वाटण्याचं हे एक मोठं कारण असतं. मन एका गोष्टीने भरलेलं आणि तोंड दुसरीच बोलतंय, मग अक्षरं सरकणारच.

शास्त्रात याला तोड आहे: गाऱ्हाण्याची स्तोत्रं. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश याच जातीची आहेत. तेरावं स्तोत्र घ्या, अवघ्या सहा ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांत दावीद ‘किती वेळ?’ असं चार वेळा विचारतो. तिसऱ्या-चौथ्या ओवीत नेमकं काय हवं ते मागतो. पाचव्या-सहाव्यात भरवशाकडे वळतो. याच मापाने स्वतःचं गाऱ्हाणं लिहा. वही घ्या, संध्याकाळी पंधरा मिनिटं. आधी देवाला हाक. मग तक्रार, आणि ती मिळमिळीत नको: ‘प्रभो, नऊ महिने झाले. तू ऐकतोस का? मला पतींचाही राग येतो आणि मग स्वतःची लाज वाटते.’ असं. मग मागणं, आणि तेही आजच्यापुरतं नि नेमकं: ‘उद्या बँकेत बोलताना माझा आवाज कापू नये.’ ‘सगळं ठीक कर’ हे मागणं इतकं मोघम असतं की त्याला उत्तर मिळालं तरी ते ओळखता येत नाही. शेवटी भरवशाचं एक वाक्य.

ते शेवटचं वाक्य नाही आलं तर? न लिहिता वही मिटा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारावरच संपतं, कुठेही वळण न घेता, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ओढूनताणून ‘पण मी आनंदी आहे’ लिहिण्यापेक्षा अर्धवट गाऱ्हाणं बरं. बहुतेक लोकांची चूक इथेच होते: तक्रारीच्या दोन ओळी लिहून घाबरतात आणि घाईने स्तुतीवर उडी मारतात. तक्रारीला पंधरातली निदान आठ मिनिटं द्या.

वाचन मात्र कमी करा. रोज तीन अध्यायांचा नेम असेल तर तो सोडा. एक स्तोत्र, तेच सात दिवस, मोठ्याने वाचायचं. सुरुवात तेराव्याने, मग बेचाळीस, मग एकशे एकवीस. मोठ्याने म्हणजे कानाला ऐकू येईल इतकं; सरकणारी अक्षरं जिभेवर आणली की थोडी थांबतात. आणि डोळे मिटून बायबल उघडून जी ओवी बोटाखाली येईल तिला देवाचा आजचा निरोप समजण्याची सवय असेल तर तीही मोडा. घाबरलेला माणूस त्यात हटकून धमकीचीच ओवी उचलतो. (‘भिऊ नको’ हे बायबलमध्ये बरोबर 365 वेळा आलंय, असा निरोपही फिरत असतो. ती मोजणी जुळत नाही. आश्वासन मात्र पुष्कळ ठिकाणी आहे, त्याला या हिशेबाची गरज नाही.)

तुम्हाला वाटत असेल की खरे विश्वासू लोक असे कोरडे पडत नसतील. लंडनचे गाजलेले उपदेशक चार्ल्स स्पर्जन (1834–1892) यांच्या एका सभेत 1856 साली कोणीतरी आगीची खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात माणसं दगावली. तो धक्का त्यांच्या मनातून कधीच पुरता गेला नाही, आणि पुढे आयुष्यभर नैराश्य त्यांना गाठत राहिलं. हजारोंना धीर देणारा हा माणूस आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट लपवून न ठेवता सांगत असे, आणि त्यात शरीराच्या दुखण्यांचा नि अतिश्रमाचा वाटा किती असतो हेही सांगत असे.

रात्री दोनचं काय करायचं, हा पत्रातला सगळ्यात अवघड भाग. प्रेषितांच्या कृत्यांच्या 27व्या अध्यायात प्रेषित पौलाचं जहाज चौदा रात्री वादळात भरकटतंय. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो, खडकावर आपटायची भीती असते. ते काय करतात? मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. अंधारात जहाज हलवत नाहीत. तुमचाही नियम हाच: रात्री दहा ते सकाळी सहा पैशाचा, आजाराचा, मुलांच्या शाळेचा कोणताही निर्णय नाही. हिशेब नाही. मोबाईल तर नाहीच, त्यात बायबल असलं तरी, कारण वचन शोधायला उघडलेला फोन दोन मिनिटांत बँकेच्या संदेशावर जातो.

जाग आली की आधी श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की धडधड हळूहळू उतरते. त्याला छपन्नाव्या स्तोत्राची तिसरी ओवी जोडा, तिचा आशय असा: आत घेताना ‘मला भीती वाटते तेव्हा’, सोडताना ‘मी तुझ्यावर भाव ठेवीन’. दहा वेळा. ही ओवी भीती नाकारत नाही, म्हणून ती रात्री दोन वाजताही खोटी वाटत नाही. एखादी काळजी अडून बसली तर उशाशी ठेवलेल्या कागदावर एका ओळीत लिहा, ‘उद्या बघायचं’, आणि कागद पालथा घाला. अंदाजे वीस मिनिटांत झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून मंद उजेडात बसा, पाठ असलेलं एखादं गीत गुणगुणा, पेंग आली की परत या. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवा. किती वाजले हे कळल्याने आजवर कोणाला झोप लागलेली नाही. पहिले काही दिवस फरक जाणवणार नाही. दोन-तीन आठवडे नेटाने करा.

सकाळी तो कागद घ्या आणि त्यावरच्या ओळींची वाटणी करा. माझ्या हातातलं एका बाजूला, हाताबाहेरचं दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात जाते. पहिल्या बाजूतलं रोज एकच काम करायचं, आणि ते दुपारच्या आत. एकच, कारण पाच ठरवली की एकही होत नाही आणि रात्रीच्या खात्यात अपराधीपणा जमा होतो.

पहिलं काम मी सुचवते: कर्ज देणाऱ्यांशी बोलणं. त्यांचे फोन टाळत असाल तर रात्रीच्या धडधडीचा मोठा वाटा तिथेच आहे. यासाठी नहेम्याचे पहिले दोन अध्याय वाचा. हा पारसाच्या राजाच्या चाकरीत होता. यरुशलेमेचा तट पडल्याचं ऐकून तो रडला, आणि साधारण चार महिने प्रार्थनेत राहिला. मग एके दिवशी राजाने विचारलं, चेहरा का उतरलाय? नहेम्या स्वतः लिहितो की मी फार भ्यालो. तरी मनातल्या मनात देवाला हाक मारून त्याने तिथल्या तिथे मागणी केली. आणि मागणी कशी? किती दिवस लागतील, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं, वनरक्षक आसाफाच्या नावे लाकडासाठी पत्र. सगळं आधी ठरवून ठेवलेलं. चार महिन्यांच्या प्रार्थनेत त्याची यादीही तयार झाली होती, हे उघड आहे.

तुमची यादी अशी असावी: कोणाचं किती देणं आहे, हप्ता किती, किती थकले, व्याजदर काय, घरात दरमहा नक्की किती येतं, जेवण, औषधं, घर आणि शाळा यांना किती जातं, आणि उरतं त्यातून दरमहा किती देणं खरोखर जमेल. पतींच्या आजाराची कागदपत्रं जोडा. मग मागायचं काय तेही नेमकं ठरवा: काही महिन्यांची सवलत, हप्ता लहान करून मुदत वाढवणं, किंवा दंड माफी. जे कबूल होईल ते लेखी घ्या. जमणार नाही असा आकडा भीतीपोटी कबूल करू नका; तो पुढच्याच महिन्यात मोडतो आणि मग दुसऱ्यांदा तोंड दाखवणं जास्त जड जातं. एक कर्ज फेडायला त्याहून महाग दुसरं काढू नका. आणि कोणी म्हणालं की अमुक एवढं दान पेरा, देव शंभरपट देऊन कर्ज फेडील, तर नम्रपणे नाही म्हणा. गरीब विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांचं (अगदी लहान नाण्यांचं) प्रभूने कौतुक केलं, पण विधवांची घरं गिळणाऱ्यांवर त्याच्या आधीच कोरडे ओढलेत (मार्क 12:40–44).

आता माणसं. ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सर्व काही करू शकतो’, हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन (4:13) तुमच्याही घरात लावलेलं असेल. पौलाने ते बंदिवासातून लिहिलंय. पण लगेच पुढची, चौदावी ओवी भिंतीवर कोणी लावत नाही: तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत. अठराव्या ओवीत तर फिलिप्पैकरांकडून एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीची तो चक्क पोच देतो. मदत घेतल्याने त्याचं सामर्थ्याचं वाक्य खोटं पडलं नाही.

तेव्हा दोन माणसं निवडा. सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही. निवडताना तीन गोष्टी पाहा: ऐकलेलं बाहेर जात नाही, तुम्ही बोलताना मध्येच उपदेश सुरू होत नाही, आणि त्यांनी स्वतः काहीतरी सोसलंय. त्यांना ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढंच सांगू नका, ते सगळेच ‘हो’ म्हणतात आणि विसरतात. नेमकं मागा: ‘गुरुवारी त्यांच्यापाशी दोन तास बसाल का, मला बँकेत जायचंय.’ ‘रोज रात्री नऊला एक मिनिट फोनवर माझ्यासोबत प्रार्थना कराल का, पुढचे पंधरा दिवस?’ दिवस, वेळ आणि मुदत सांगितली की लोकांना हो म्हणणं सोपं जातं, आणि नाही म्हणणंही. पाळकांनाही घरी बोलवा. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, असं याकोबाने सांगितलंय (5:14). त्यांना आपोआप कळेल ही अपेक्षा ठेवू नका.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवण्यासारखी नाही. रोजच्या रोज मन इतकं खचलेलं असेल की दोन आठवडे कशातच जीव लागत नाही, किंवा ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार यायला लागला असेल, तर ते त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी शब्दांत सांगा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. स्वतःला काही करून घेण्याचा विचार आला तर एकट्या राहू नका, तात्काळ इस्पितळ गाठा. एलीयानेही मरण मागितलं होतं. त्याला कोणी नास्तिक ठरवलं नाही, आणि एकटंही सोडलं नाही.

उपासनेला परत जायचं ठरवलंत, तर पहिल्या रविवारी निवडलेल्या दोघांपैकी एकीला सोबत घ्या. मागच्या रांगेत, दाराजवळ बसा. प्रार्थना सुरू झाल्यावर गेलात तर आधीच्या विचारपुशीतून सुटाल. गाता आलं नाही तर गाऊ नका, उभ्या राहा आणि इतरांचं ऐका; तुमच्या वाट्याचं गाणं त्या दिवशी मंडळी गाईल. रडू आलं तर पाच मिनिटं बाहेर जाऊन या. साक्ष द्यायला कोणी उभं करू पाहिलं तर ‘अजून मध्येच आहे, नंतर सांगेन’ म्हणा. आणि त्या ज्येष्ठ बहिणीने पुन्हा तोच विषय काढला, तर वाद घालू नका, वचनं समोर टाकू नका. एवढंच सांगा: ‘मावशी, सल्ला पुष्कळ झाला. बुधवारी एक वेळचा डबा पाठवाल का?’